गाडीचा जीव

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी आज परत सुरू झाली नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन खोकतं, खोकतच राहतं, पण पेट घेत नाही. शेवटी बॅटरी दमते आणि मीही.

ज्या बाईंकडे जायचं होतं त्या कधीच्या अंथरुणाला खिळल्या आहेत. दुपारी अचानक त्यांच्या मुलीचा फोन आला, ताप उतरलाय, डोकं धुऊन हवंय, येता का? मी ‘निघालेच’ म्हटलं आणि खाली येऊन अडकले. तोवर बाईंनी वेणी सोडून केस उशीवर पसरूनही ठेवले होते म्हणे. मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, “असू दे, ताई.”

संध्याकाळी नवऱ्याचा फोन. तो लांब पुलाच्या कामावर आहे, अधूनमधून घरी येतो, सल्ले मात्र रोज येतात.

“अगं, भंगार झालंय ते. विकून टाक आणि परत पार्लरमध्ये जा. निदान पंख्याखाली काम होतं.”

“पंखा त्यांचा होता,” मी म्हटलं, “आणि त्याखाली दिवसभर मालकीणबाईंची जीभही फिरायची. गाडी विकणार नाही.”

डिकीत माझं अख्खं पार्लर आहे. निजलेल्या माणसाच्या मानेखाली सरकवायचं रबरी बेसिन, पाण्याचे कॅन, नळी, चादरी, कात्र्या, केस सुकवायचं यंत्र. हे सगळं घेऊन बसमध्ये चढून दाखवावं कोणी. गाडी नाही तर माझा धंदा नाही, आणि धंदा नाही तर पुन्हा त्या आरशांसमोर उभं राहून “हो बाई, नाही बाई” करायचं. ते आता होणे नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच मला फितवायला लागले तर वाचता येईल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेकॅनिकला घरी बोलावलं. सकाळी लवकर गाडी मेली होती म्हणून बोलावलं. तो आला तेव्हा पहिल्या फटक्यात सुरू. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या कार्ट्यासारखी.

“ताई, चावी पूर्ण फिरवता ना?”

“नाही, अर्धीच फिरवते आणि तुम्हाला फोन करते. करमत नाही ना मला.”

तो हसला नाही. बॅटरीची टोकं घासली, प्लग काढून पुसले, परत लावले. म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही. ‘गाडीला’ वर जोर देऊन म्हणाला.

तो काम करत होता तेव्हा सासूबाई शेजारीच कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी त्यांना आईच म्हणते. गुडघे दुखतात तरी रोज संध्याकाळी आणि सकाळी एकदा खाली उतरून कुंड्या बघायच्या म्हणजे बघायच्याच. मेकॅनिक म्हणाला, “आजी, सूनबाई गाडी नीट चालवतात ना?” आई म्हणाल्या, “माझी सून सगळं नीट करते. गाडीच म्हातारी झाली असेल.” मला भरून आलं. या घरात माझी बाजू घेणारं एक माणूस आहे.

अण्णा, माझे सासरे, मात्र लक्षच घालत नाहीत. या गाडीचा स्क्रू न् स्क्रू त्यांनी स्वतः आवळलेला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून चालवणं सुटलं त्यांचं, कोणी नको म्हटलं नाही, आपोआप सुटलं. पण सकाळी उठल्या उठल्या आपलं पिवळं फडकं घेऊन खाली जातात, गाडी पुसतात, बॉनेट उघडून आत डोकावतात, वर येतात आणि चहा मागताना म्हणतात, “आज पण नाही.” दुःखाने नाही. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे.

“अण्णा, काय झालं असेल हो तिला?”

“तिची मर्जी,” अण्णा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज महत्त्वाचा दिवस होता, आणि तो माझा झाला!

गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात सगळ्यांचे केस कापायचं काम मिळतंय. दर सोमवारी. हे जमलं तर पार्लरची गोष्टच काढायला नको कोणी. तिथल्या मेट्रनबाई म्हणजे इस्त्री केलेला आवाज. “मला चांगल्या कात्रीपेक्षा वेळेवर येणारी कात्री हवी. आधीची बाई आली तर आली. हे सगळे सकाळपासून अंगावर टॉवेल घेऊन बसतात हो. हा महिना बघते, मग ठरवते.”

गाडी मुकाट सुरू झाली. निघताना आई दारात आल्या, “नीट जा” म्हणाल्या. आत्ता लक्षात येतंय, त्यांच्या तोंडून ‘नीट जा’ निघालं की गाडी चालते. मी घाईत, न सांगता खाली पळाले की हटून बसते. जेवताना हे त्यांना सांगितलं. म्हटलं, “गाडी पेट्रोलवर नाही, तुमच्या आशीर्वादावर चालते.” आईंना ठसका लागला. अण्णांनी पाण्याचा पेला पुढे केला.

मग अण्णांनी आपली ती गोष्ट सांगितली. जुन्या गाडीतून लांब फिरायला जायचे तेव्हा मुक्कामाच्या जागी बॉनेट उघडून इंजिनातला एक लहानसा भाग उपटून काढायचे आणि आईंच्या मुठीत द्यायचे. “धर. गाडीचा जीव. चोरानं चावी बनवली तरी काय उपयोग? जीव हिच्याकडे!” आणि आई तो उशाखाली घेऊन झोपायच्या. गाडी बदलली तशी अण्णांनी आईंना तिचाही जीव कुठे असतो ते दाखवून ठेवलं होतं म्हणे. भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवतात. आज भात वाढेपर्यंत एकदा झाली, ताक घेताना परत पहिल्यापासून सुरू. आई दुसऱ्यांदाही तितक्याच हसल्या. संसार मुरला की असं होत असावं. माझ्या नवऱ्याचा विनोद मला एकदाही पुरा ऐकवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हरले आज.

मेट्रनबाईंचा सकाळी फोन, डॉक्टर यायचे आहेत, तुम्ही जरा लवकर या. मी आंघोळ आटोपून तशीच खाली धावले. आई अजून उठून बसत होत्या, गुडघा आखडला होता. अण्णा फडकं झटकत जिन्यात भेटले. “आज पण नाही,” म्हणाले. “असं कसं नाही?” मी म्हटलं आणि चावी फिरवली. खोकला. फक्त खोकला.

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, “चावी एक घर फिरवून थांबा. मागच्या सीटखालून घुं असा आवाज येतो का ऐका. पेट्रोलचा पंप असतो तो.” मी कान लावून ऐकलं. खालच्या मजल्यावरच्या काकांची शिट्टी ऐकू आली, पाण्याची टाकी भरताना ऐकू आली, घुं नाही.

टॅक्सीने गेले, नुसती कात्री आणि कंगवा घेऊन. टॅक्सीवाल्याने ते बेसिन आणि कॅन बघून डोकंच हलवलं. पोचेपर्यंत डॉक्टर येऊन बसले होते. टॉवेल घेतलेली माणसं ओळीने बसलेली, त्यातले एक आजोबा मला बघून म्हणाले, “आली गं बाई!” मेट्रनबाई त्यांच्यासमोर काही बोलल्या नाहीत. दाराशी म्हणाल्या, “पुढचा सोमवार. मग मी दुसरी बघेन.”

घरी आले तर आई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, फार बोलल्या का गं तुला त्या? फार बोलल्या का? मी म्हटलं, बोलू देत. पुढच्या सोमवारी गाडी ढकलत नेईन पण पोचेन. आईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी आतून हाक मारली, “अगं, माझा चष्मा?” चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पंप नवा घातला. मेकॅनिकने सगळं उघडून, सगळं बघून, सगळं लावून दिलं. घुं येतो. गोड येतो. मोठ्या मांजरासारखा.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मढ्याला दागिने घालतेस.”

मी म्हटलं, “मढं असतं तर खोकलं नसतं,” आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. त्याला गाडीचं वाईट वाटत नसेल असं नाही, लहानपणी याच अण्णांच्या मांडीवर बसून स्टीअरिंग धरलेलं त्याने. पण वाईट वाटलं म्हणून मी परत फोन केला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज छडा लागला!

दुपारी त्याच अंथरुणाला खिळलेल्या बाईंकडून बोलावणं आलं. निघाले. गाडी बंद. चावी एक घर फिरवून ऐकलं. घुं नाही. पंप नवा, घुं नाही!

आता रडायचं नाही, असं ठरवून बॉनेट उघडलं. कडेला काळी पेटी असते, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो, कुठल्या खाचेत काय. मेकॅनिकने कधी दाखवला नाही, मीही कधी विचारलं नव्हतं. बोट ठेवत ठेवत गेले. फॅन, दिवे, हॉर्न. पंपाची खाच आली, आणि खाच रिकामी.

रिकामी! आतला भाग पडलेला नाही, जळलेला नाही, कोणीतरी उपटून नेलेला. बाकी पेटीवर धुळीचा थर आणि या खाचेभोवती मात्र लख्ख पुसलेलं. कडेला एक पिवळा धागा अडकला होता, तो मी फुंकून टाकला.

मेकॅनिककडे चालत गेले. सुट्टी असूनही दुकानात होता. “रिले नाही? परवा पंप बसवला तेव्हा होता की!” म्हणाला. नवा दिला. काडेपेटीएवढी काळी डबी, पंपाला वीज सोडणारी. एवढ्याशा डबीने मला नाचवलं.

परत येताना डोक्यात लख्ख उजेड पडला. हे काम शिट्टीकाकांचं. खालच्या मजल्यावर राहतात, निवृत्त आहेत, दिवसभर शिट्टी वाजवतात. माझ्या गाडीचं नाक पुढे येतं म्हणून त्यांना स्वतःची गाडी मागेपुढे करत काढावी लागते, आणि दर वेळी म्हणतात, “या खटाऱ्याचं एकदा काय ते करा.” शिवाय अण्णांनी ती गाडीच्या जीवाची गोष्ट त्यांना किती वेळा ऐकवली असेल! चोराला युक्ती आमच्याच घरातून मिळाली.

गेले सरळ. दार वाजवलं.

“काका, माझ्या गाडीतला रिले काढलात का?”

“मी?” त्यांची शिट्टी ओठांवरच विरली. “तुझ्या गाडीला हात लावायचा तर मला आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल.”

“गाडी बंद पडून मी ती विकावी असं कोणाला वाटतं या इमारतीत?”

“मला वाटतं. रोज वाटतं. पण वाटणं आणि उपटणं यात फरक आहे, सूनबाई.” आणि दार लावलं.

चोर कधी कबूल करतो का?

संध्याकाळी आई कुंड्यांना पाणी घालून वर आल्यावर मी गुपचूप खाली गेले, रिले बसवला, चावी फिरवली. घुं! पहिल्या फटक्यात सुरू. बंद करून वर आले. घरात कोणाला काही बोलले नाही. उद्या कोण हात लावतो ते बघतेच. उद्या सोमवार आहे. उद्या मला कोणी अडवून दाखवावं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी खाली गेले तर गाडी नाही.

नाक पुढे काढून उभी असते ती जागा रिकामी, खाली तेलाचा डाग. मी जिना चढत ओरडले, “आई! गाडी चोरीला गेली! त्या शिट्टीकाकांनीच—”

आई स्वयंपाकघरातून आल्या. “जाईल कशी? ती सुरूच होणार नाही.”

“होते! कोणीतरी तिचा रिले काढून नेला होता. मी काल नवा आणून बसवला.”

आईंनी कमरेला खोचलेली चष्म्याची डबी काढली आणि उघडली. आत चष्मा नव्हता. काळी डबी होती, काडेपेटीएवढी, मऊ कापडात गुंडाळलेली.

“कोणी नेला नव्हता,” त्या म्हणाल्या. “हा इथे आहे.”

एकदमच दोघींनी दाराकडे पाहिलं. अण्णांच्या चपला नव्हत्या. खिळ्याला अडकवलेली त्यांची चावी नव्हती. पिवळं फडकं नव्हतं.

आई खाली बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. “त्यांच्या खिशात मी तुझा नंबर ठेवलेला असतो,” म्हणाल्या. “शर्ट बदलला नसेल तर आहे.”

तेव्हा कुठे मला एकेक कळायला लागलं. फोन हातात धरून बसले. मेट्रनबाईंचा आला, उचलला नाही. मग अनोळखी आवाज. “ताई, पेट्रोल पंपावरून बोलतोय. एक आजोबा आहेत. टाकी भरली, आता कुठे जायचं ते आठवत नाही म्हणतात. चहा दिलाय त्यांना.”

पत्ता ऐकला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

टॅक्सी मिळेना. आईंना धरून खाली उभी होते तर शिट्टीकाका बाहेर आले. काल मी ज्यांच्या दारात तोंड सोडलं ते. त्यांनी आईंचा चेहरा पाहिला, स्वतःच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाले, “बसा.” गाडी बाहेर काढताना मात्र राहवलं नाही त्यांना. “आज एका दमात निघाली बघ.”

वाटेत आई बोलल्या. माझ्याकडे न बघता, खिडकीला सांगितल्यासारखं.

“उन्हाळ्यात, डोळ्यांच्या ऑपरेशनआधी, एकदा औषध आणायला म्हणून गाडी घेऊन गेले. दिवेलागणीला आले. मला म्हणाले, पंक्चर झालं होतं. चाकं धड होती. दारात उभे राहिले आणि मला विचारलं, ‘आत येऊ का?’ परक्यासारखं.”

“मला का नाही सांगितलंत? चावी तरी लपवायची.”

“चावी लपवली तर त्यांना कळलं असतं, लपवली ते. ज्या माणसानं मला अख्खा मुलूख दाखवला त्याला मी सांगू, तुम्ही चालवू नका? मी नाही सांगणार. गाडीच नाही म्हणाली तर त्यात कोणाचा कमीपणा नाही.” पुढे म्हणाल्या, “तुला सांगितलं असतं तर ते माझ्या तोंडून खरं झालं असतं. तुझा सोमवार बुडाला त्या रात्री सांगणारच होते. पण तुझ्या धंद्यात मी खोडा घातला, ते चुकलंच माझं.”

मला राग यायला हवा होता. महिनाभर मी नवऱ्याशी, मेकॅनिकशी, शेजाऱ्याशी भांडले ते कशासाठी? गाडीला काही झालेलं नाही हे सिद्ध करायला. झालं की सिद्ध!

अण्णा पंपाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. बाजूचा आरसा फुटून लोंबत होता, बाकी गाडी धड, आणि पुसलेली. आम्हाला बघून उठले. आईंच्या समोर येऊन उभे राहिले, शाळेत उशिरा आल्यासारखे.

“मी बघतो ना रोज,” आईंना म्हणाले. “खाच रिकामी असली की बरं वाटतं. म्हणजे तू काढून ठेवलाय. मग मी वर येतो.” त्यांनी फडक्याची घडी केली, परत उलगडली. “आज भरलेली दिसली. मला वाटलं, तुला परत माझा भरवसा वाटायला लागला.”

शिट्टीकाका हवेचं मशीन बघायला गेले.

मग अण्णांनी बॉनेट उघडलं. बोटं जराही चाचपडली नाहीत. मी लावलेला नवा रिले उपटला आणि आईंच्या हातात ठेवून वरून मूठ मिटवली. “धर. तूच सांभाळ.”

“अहो अण्णा,” माझ्या तोंडून निघून गेलं, “पण मला आश्रमात जायचंय! डिकीत सगळं सामान आहे!”

आईंना हसू आलं. डोळे भरलेले आणि हसत होत्या. चष्म्याच्या डबीतून जुना काढला, आपल्याच हाताने खाचेत बसवला, वरून तळव्याने दाबला. किती सफाईने! मी इतके दिवस पंपाला, प्लगला, नशिबाला दोष देत होते. “जा, लाव चावी,” म्हणाल्या. मग आठवल्यासारखं, “नीट जा.” आणि त्या स्वतः अण्णांना घेऊन मागे बसल्या.

आश्रमात पोचलो तेव्हा जेवणं झाली होती. मेट्रनबाई दारातच.

“उशीर झाला तुम्हाला.”

“झाला. कारण सांगणार नाही, ते माझ्या घरातलं आहे. पण शेवटचं डोकं झाल्याशिवाय आज इथून हलणार नाही. दिवे लावावे लागले तर लावा.”

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. “हे दोघं कोण? दाखल करायचंय?”

आई पुढे आल्या. गुडघा धरत, पण ताठ. “दाखल? आम्ही हिचे मदतनीस आहोत. टॉवेल कुठे ठेवलेत?”

अण्णांनी टॉवेल झटकून दिले, आईंनी एकेकाचे केस विंचरून दिले, मी कापत गेले. ‘आली गं बाई’ वाले आजोबा अण्णांना विचारत होते, तुमची गाडी कुठली? आणि अण्णांनी गाडीच्या जीवाची गोष्ट सुरू केली. परत पहिल्यापासून. त्या खोलीत कोणीच ती आधी ऐकलेली नव्हती, आणि ज्यांनी ऐकली त्यांनी संध्याकाळी परत मागून घेतली. शेवटी अण्णा स्वतःच खुर्चीवर बसले. “माझेही काप.” कात्री लावली आणि ते झोपी गेले. मी त्यांच्या कानामागचे केस फार हळू कापले. इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्याला माझा हात कधी लागला नव्हता.

निघताना मेट्रनबाई म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी वेळेवर या.” पुढचा सोमवार महिन्याबाहेरचा आहे. त्यांच्या लक्षात नसेल असं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शिट्टीकाकांची माफी मागायला गेले. केस फुकट कापून देते म्हणायचीही सोय नाही, टक्कल आहे. ते म्हणाले, “गाडी जरा मागे घेऊन लावत जा, झाली माफी.” मागे घेऊन लावली.

नवऱ्याचा फोन. आई-अण्णांना विचारून त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. विचारलं. आई म्हणाल्या, मी सांगेन, माझ्या वेळेने. त्यांचं आहे, त्यांनीच सांगावं. पण आठ दिवसांत नाही सांगितलं तर मी सांगणार, हेही त्यांना तोंडावर सांगितलं. आणि डॉक्टरांची वेळ मी आजच घेतली, त्याला मात्र कोणाची परवानगी मागितली नाही.

“सापडला का बिघाड?” नवऱ्याने विचारलं.

“गाडीत नाही सापडला.”

“मग विक आता तरी.”

“एकदा बोलले ना? गाडी विकायची नाही. तू ये आणि आरसा बसवून दे.”

त्याने विचारलं, “आरसा कसा फुटला?”

“आल्यावर आई सांगतील. लवकर ये.”

३० नोव्हेंबर, रविवार

आईंनी गाडीचा जीव माझ्या हवाली केला. “माझ्याने आता जिना होत नाही. रोज संध्याकाळी तू काढ. कुंड्यांनाही तूच पाणी घाल, नाहीतर मरतील बिचाऱ्या, नसत्या कामाला लावल्या होत्या मी.”

जुना रिले आता गाडीत राहतो आणि रोज संध्याकाळी माझ्या पर्समध्ये येतो, कात्रीच्या शेजारी. नवा आईंच्या चष्म्याच्या डबीत, मी हरवला तर म्हणून. रात्रीबेरात्री कोणाचं बोलावणं आलं तरी मला आता कोणाला विचारावं लागत नाही. अण्णा सकाळी फडकं घेऊन खाली जातात, पेटी उघडून बघतात, वर येतात. “आज पण नाही.” मी चहा देते. डॉक्टर बुधवारी आहेत. काय म्हणतील ते म्हणतील. गाडी विका, काम सोडा, यांना कुठेतरी ठेवा, असं म्हणणाऱ्यांची रांग आता मोठी होणार, हे मला दिसतंय. होऊ दे. मला रांगेतल्या माणसांची सवय आहे, एकेकाला खुर्चीत बसवते.

आज मेकॅनिक रस्त्यात भेटला.

“ताई, काय निघालं शेवटी गाडीत?”

“काही नाही.”

“मग परत बंद पडेल.”

“पडते की. रोज संध्याकाळी पडते. सकाळी मी चालू करते. तुम्ही हात लावायचा नाही.”

मी पुढे निघून आले.

संध्याकाळी गाडी लावली, बॉनेट उघडलं, डबी काढली, कुंड्यांना पाणी घातलं आणि वर आले. अण्णा पेपर वाचत होते. पानावरून डोळे न काढता, आईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “काढलास?”

“काढला.”

“बरं,” म्हणाले आणि पान उलटलं.